दिसला नाही तर आत

भावजी स्वतःवर फाऊल पुकारायचे तेव्हा जाळीपलीकडचा टेलर डोक्याला हात लावायचा. पॉइंट त्याच्याच पदरात पडायचा, तरीही. "अहो, मी पाहिलं नाही, माझ्या जावयाने पाहिलं नाही. देवाने पाहिलं असेल तर तो काही सांगायला येत नाही," असं म्हणायचा. भावजी बुटाचं टोक पुढे करायचे. "रेषेला लागलं. मला कळलं ना," म्हणाले की विषय संपला. चेंडू पलीकडे देऊन मोकळे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. पिकलबॉल म्हणजे टेनिसपेक्षा लहान कोर्ट, हातात पाटीएवढं पॅडल आणि भोकं पाडलेला प्लास्टिकचा चेंडू. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. किचनमध्ये पाय ठेवून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही, टप्पा पडू द्यायचा. नुसता रेषेला पाय लागला तरी फाऊल. आणि हे सगळं पाहायला आपल्यासारख्यांच्या खेळात पंच नसतो. प्रत्येकाने आपापली चूक आपल्याच तोंडाने सांगायची. माणसांनी असा खेळ शोधून काढला याचंच मला नवल वाटतं.

डेपोच्या मागे कर्मचारी क्लबचं जुनं टेनिस कोर्ट होतं. त्यावर भावजींनी स्वतः गुडघ्यांवर बसून नव्या रेषा रंगवल्या. सव्वीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्याच्या हाताने मारलेली रेष सरळच यायची. नियमावली तोंडपाठ केली. त्यातलं महत्त्वाचं मोठ्या अक्षरात लिहून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून, कुंपणाच्या जाळीला तारेने बांधलं. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. स्वच्छ दिसला असेल तरच आउट म्हणायचं. दिसला नाही, शंका आहे, तर आत, पॉइंट समोरच्याचा. दोघा जोडीदारांचं जुळलं नाही, तरीही समोरच्याचा. आणि जोडीदाराचा पाय किचनमध्ये गेलेला दिसला, तर तो आपण पुकारायचा, पुढची सर्व्हिस व्हायच्या आत. एकदा पुढची सर्व्हिस झाली की बोलून उपयोग नाही.

त्यांची जोडीदार म्हणजे धाकटी. त्यांच्या बायकोची, म्हणजे ताईची, पाठची बहीण. वय चव्वेचाळीस, पण घरात, डेपोत, कोर्टवर सगळे धाकटीच म्हणायचे. नवरा सोडून गेला तेव्हा भावजी स्वतः टेंपो घेऊन तिचं सामान आणायला गेले होते. "वरची खोली रिकामीच आहे," एवढंच म्हणाले आणि कपाट एकट्याने जिना चढवलं. त्याला नऊ वर्षं झाली. डेपोतली नोकरीही त्यांनीच फॉर्म आणून दिला म्हणून. ती ड्युटीच्या खिडकीवर बसायची. ड्रायव्हरला रोज सकाळी तिच्याकडून चिठ्ठी मिळायची: मार्ग, बसचा नंबर, वेळ, खाली तिची सही. ती चिठ्ठी नसेल तर फाटकावरचा माणूस बस बाहेर सोडत नसे.

ताई खेळत नसे. "दोघं घरच्या किचनमध्ये पाऊल टाकत नाहीत. तिकडे तरी कशाला टाकतील," म्हणायची आणि पाण्याच्या बाटल्या भरून द्यायची.

पहिल्यांदा लक्षात आलं ते टेलरच्या जावयाच्या. जावई तसा हुशार. सासऱ्याच्या दुकानात तेवढी ती हुशारी बाहेर पडत नसे. भावजींच्या डाव्या रेषेकडे मारलेला चेंडू नेहमी आतच असतो, हे त्याने हेरलं. बोटभर बाहेर पडो, चार बोटं पडो. भावजी म्हणणार, "आत." जावयाने तिकडेच मारायचा सपाटा लावला. टेलर हसून म्हणायचा, "भावजींची डावी बाजू म्हणजे धर्मशाळा झालीय." भावजीही हसायचे. त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक सगळ्या क्लबात व्हायचं. धाकटीलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगा.

मग एका रविवारी चेंडू चांगला वीतभर बाहेर पडला. बाहेर गेला म्हणून टेलरने स्वतःच पॅडल खाली केलं होतं. भावजी म्हणाले, "आत."

"भावजी, वीतभर बाहेर होता," धाकटी म्हणाली.

"तुला दिसला का?"

"मला दिसला. तुम्हाला नाही दिसला?"

"नाही. म्हणूनच तर आत म्हणालो." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "आणि आता आपलं जुळलं नाही, म्हणजे तसाही आतच. चल, सर्व्हिस त्यांची."

चेंडू त्यांच्या बुटापासून दोन हातांवर पडला होता.

त्यानंतर तिला जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. जेवताना डाव्या हाताशी ठेवलेला पेला सांडणं. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा घासणं. ताई म्हणायची, "यांचं लक्षच नसतं हल्ली. निवृत्तीचे वेध लागलेत." निवृत्तीला दोन वर्षं होती. धाकटीने एकदा सहज विचारल्यासारखं केलं, "भावजी, डोळे दाखवून या ना एकदा."

"दाखवले की. डेपोचा डॉक्टर येऊन गेला नाही का? तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचली. एकेक डोळा झाकून."

ते खरंच होतं. समोरचं त्यांना बारीकसारीक दिसायचं. जात होतं ते कडेचं. अशा दुखण्यात ते आधी जातं आणि तक्ता तर भिंतीवर समोरच टांगलेला असतो. हे सगळं धाकटीला नंतर कळलं, डॉक्टरांच्या अहवालात. पण तेव्हा तिला काहीच कळलं नव्हतं, असं तिने कोणाला सांगू नये. कारण त्याच्या पुढच्याच रविवारची बाकाची गोष्ट आहे.

खेळ संपला होता. टेलर आणि जावई सायकली काढायला गेले होते. भावजी बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होते. धाकटीने चेंडू हळूच बाकावर ठेवला, त्यांच्या डाव्या मांडीपासून हातभर लांब. पिवळाधमक चेंडू. भावजींनी नाडी सोडली, मान वर केली, समोर पाहिलं आणि विचारलं, "चेंडू कुठे गेला गं?"

त्यांनी आधी उजवीकडे पाहिलं, मग खाली वाकून बाकाखाली पाहिलं. शेवटी अख्खी मान वळवली तेव्हा तो सापडला. त्यांनी चेंडू उचलला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. मग तिच्याकडे पाहिलं.

"खात्री असेल तर पुकार," ते म्हणाले. "नसेल तर गप्प राहायचं. नियम आहे."

त्यांनी तिच्यावर सोडलं. सगळे फाऊल स्वतः पुकारणाऱ्या माणसाने हा एक मात्र तिच्या गळ्यात घातला. मला विचाराल तर तो त्यांचा पहिला लबाड डाव. पण ती तरी काय कमी लबाड? तिने मनाशी ठरवलं की आपल्याला खात्री नाही. आपण काय डॉक्टर आहोत? एक चेंडू नाही दिसला माणसाला, त्यात काय एवढं. शंका आहे, आणि शंकेचा फायदा दुसऱ्याला द्यायचा असतो, तसं कुंपणावर लिहिलेलंच आहे. डोळ्यांपुढे ताई होती, वरची खोली होती, जिना चढणारं कपाट होतं. कुंपणावरचा तो नियम समोरच्या पक्षासाठी होता, आपल्या जोडीदारासाठी नव्हता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने तेवढं वाचलंच नाही.

सोमवारी सकाळी तिने चिठ्ठी लिहिली. मंगळवारी लिहिली. बुधवारी भावजी खिडकीशी आले, तेव्हा तिने चिठ्ठी क्षणभर धरून ठेवली. त्यांनी ओढली नाही. हात पुढे करून उभे राहिले. मागे चार ड्रायव्हर खोळंबले होते. कोणीतरी म्हणालं, "काय, घरचं भांडण इथे आणलंय का?" सगळे हसले. तिने चिठ्ठी सोडली.

गुरुवारी दहा वाजून वीस मिनिटांनी, टपाल कचेरीजवळच्या वळणावर, भावजींनी बस डावीकडे घेतली. डाव्या अंगाला सायकलवर पोस्टात काम करणारी एक बाई होती. वय एकतीस. पत्रांची पिशवी पुढच्या टोपलीत. प्रवासी ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक लावला. ती बाई तिसऱ्या दिवशी गेली.

त्या रविवारी कोर्टवर कोणी आलं नाही. टेलर एकदा घरी येऊन गेला. पाणी प्यायला. निघताना दारात थांबून धाकटीला म्हणाला, "आम्ही तिकडेच मारत होतो गं. मुद्दाम."

चौकशीच्या दिवशी सकाळी ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. धाकटी चिमटे देत होती. ताईने तिच्याकडे न पाहताच विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"हो."

ताईने एक ओली चादर झटकली. पाणी दोघींच्या तोंडावर उडालं. "त्यांनी मला काल सांगितलं. ते सगळं कबूल करणार आहेत. पण तुझं नाव घेणार नाहीत. तू पण घेऊ नकोस. त्यांचं जायचं ते जाणार आता, तुरुंगसुद्धा होईल कदाचित. निदान तुझी नोकरी राहू दे. घरात एक माणूस तरी राहू दे मला." मग चादरीच्या आड उभं राहून ती रडली. धाकटी चिमटे घेऊन तशीच उभी राहिली.

चौकशी डेपोच्या दुसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, एक टेबल, टेबलामागे चौकशी अधिकारी आणि त्यांचा लेखनिक. भावजी समोर खुर्चीत, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्या डाव्या अंगाला, भिंतीलगतच्या खुर्चीत त्या पोस्टातल्या बाईचा नवरा बसला होता. ताई बाहेर बाकावर. धाकटीला बोलावलं ते चिठ्ठीवर तिची सही होती म्हणून, नुसता रिवाज.

ती टेबलाच्या उजव्या कोपऱ्याशी उभी राहिली. अधिकाऱ्यांनी तिला भावजींचा जबाब वाचून दाखवला. "आठ-नऊ महिन्यांपासून मला डाव्या बाजूचं दिसत नव्हतं. मला ते कळत होतं. मी कोणाला सांगितलं नाही. घरात किंवा डेपोत कोणालाही माहीत नव्हतं."

पहिली तीन वाक्यं खरी होती, आणि ती त्यांनी कोणी न विचारता सांगितली होती. चौथं खोटं होतं. इतक्या वर्षांत धाकटीला माहीत असलेला त्यांचा हा पहिला खोटा पुकारा, आणि तो तिच्यासाठी होता. तिला वाटलं, घ्यावा. एवढ्या मायेने दिलेलं नाकारायचं कसं? बाहेर ताई बसली आहे. हो म्हणायचीही गरज नाही, नुसतं गप्प राहायचं आहे. आणि गप्प राहणं तिला चांगलं जमत होतं, सोमवारपासून गुरुवारपर्यंत जमलंच होतं.

"तुम्हाला यात काही सांगायचं आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं. लेखनिकाने पुढचं पान उलटलं.

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

भावजी लगेच म्हणाले, "साहेब, तिला काही माहीत नव्हतं. ती माझी मेहुणी आहे, मला वाचवायला बोलतेय."

"मला आदल्या रविवारी कळलं. खात्रीने कळलं. त्यानंतर चार दिवस मी यांना चिठ्ठी दिली. गुरुवारचीही मीच दिली."

"धाकटे, गप्प बस," भावजी म्हणाले. त्यांनी तिला असं कधी म्हटलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. ते चिडलेले नव्हते, दमलेले होते. "तुम्ही एकाच घरातले ना? दोघांनी दोन सांगितलं. मी आता कोणाचं धरायचं?"

"आम्ही दोघं एक खेळ खेळायचो, साहेब. जोडीने," धाकटी म्हणाली. "त्यात पंच नसतो. जोडीदारांचं आपसात जुळलं नाही, तर निकाल समोरच्याच्या बाजूने जातो. तो नियम यांनीच लिहून लावलाय, कुंपणावर. तसंच धरा."

"समोरचं कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

धाकटीने भिंतीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. तो माणूस मांडीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. सगळा वेळ त्याने एक शब्द काढला नव्हता.

ती कुठे पाहते आहे ते बघायला भावजींनी मान वळवली. आधी थोडी, मग आणखी, मग पूर्ण डावीकडे. पाऊण तास तो त्यांच्यापासून दोन हातांवर बसला होता. त्यांनी त्याला आत्ता पाहिलं.