करंगळीवरची शाई

टक्. पेनाचं टोपण फरशीवर पडावं, एवढाच आवाज. पण त्याआधी घरात जी शांतता होती, ती चार वर्षांची मुलगी असलेल्या घराला शोभणारी नव्हती. पोलिओच्या बूथवर सकाळपाळी करून जरा आडवी झालेली छाया ताडकन उठली.

पलंगाखाली पायल बाहुलीच्या डाव्या करंगळीला काळी शाई लावत होती. डोस घेतलेल्या मुलांना लावतात तशीच, अर्धी नखावर, अर्धी कातडीवर. पेन छायाचंच, कॉलेजचे तक्ते रंगवायचं.

पायलची स्वतःची करंगळीही काळी होती. ती छायाने घरी आल्याआल्याच पाहिली होती आणि समाधानाने पडली होती. आपण चहाला उठलो तेवढ्यात सासूबाई पोरीला बूथवर आणून गेल्या, असा तिने हिशेब लावला. पंचवटीच्या बाजारात झेंडू विकणाऱ्या त्या सासूबाईंनी, भागीबाईंनी, सकाळी तीच शाई पाहून, सूनबाईंनी जाताजाता काम उरकलेलं दिसतंय, असं धरलं होतं.

"अजून कुणाला लावलीस?"

"गल्लीतल्या साईला, राजला, काळूला. कुणी हललं नाही."

का लावली, हे ऐकल्यावर छायाला पलंगाखाली जागा आहे का बघावंसं वाटलं. अकरावीला रोगप्रतिकारशक्तीचा धडा शिकवताना आपल्या तासाला मागचा बाकही जागा असतो, असं तिचं स्वतःचं मत होतं. तोच धडा तिने काल निजताना लेकीला सांगितला होता. अंगात चौकीदार असतात, परका जंतू दिसला की त्याला बदडतात. आणि उद्याच्या थेंबांत जंतूच असतात, फक्त दमवलेले. गोष्ट इतकी रंगली की सांगणारीच खूश होऊन झोपली. पायल मात्र जागी राहिली असावी. पोटात मारामारी होणार, आणि साईचं पोट तर आधीच दुखतं, आणि शाई दिसली की थेंब पाजत नाहीत, म्हणून तिने सगळ्यांना वाचवलं होतं.

बूथ बंद व्हायच्या आत पोरं गाठायला हवी होती. छाया लेकीला घेऊन गल्लीत निघाली. साई आणि राजची आई यशोदाबाई दारातच मेथी निवडत होती. सगळं ऐकून तिने जुडी बाजूला ठेवली.

"मॅडम, सकाळी तुम्हीच बजावलं ना, शाई बघितल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू नका? आम्ही शाई बघितली."

काळूची आई नुसती पदरात हसत राहिली. ते छायाला जास्त लागलं.

बूथवर पायलने ओठ घट्ट मिटून घेतले. बाकीची तिघं तिच्याकडे बघत होती. हिने तोंड उघडलं नाही तर तीही उघडणार नव्हती. नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं. शास्त्राचे सगळे शब्द छायाच्या जिभेवर आले, ते तिने गिळले आणि गुडघ्यांवर बसली.

"अगं, मारामारी नाही होत. हे जंतू इतके दमलेले असतात की चौकीदार फक्त त्यांचा चेहरा बघून ठेवतात. उद्या खरा चोर आला तर ओळखायला. आपलं कोण आणि परकं कोण, सगळं कळतं त्यांना."

"आपल्या माणसाला नाही मारत?"

"हातसुद्धा लावत नाहीत."

पायलने विचार केला आणि चिमणीच्या पिल्लासारखा आ वासला. मागोमाग तिघांनी. काळ्या करंगळीवर खरी शाई कुठे लावायची यावर नर्सबाई जरा अडल्या, मग तिथेच आणखी एक रेघ ओढून मोकळ्या झाल्या.

परतताना पायल कडेवर होती. छायाच्या मनात सोमवारचा तास रंगू लागला होता; ही चेहऱ्याची गोष्ट तिथेही खपेल, असं तिला वाटत होतं. तेवढ्यात कानाशी आवाज आला.

"आई, मी तुझ्या पोटात आले, तेव्हा तुझ्या चौकीदारांनी मला आधी कधी पाहिलं होतं का?"

"नाही गं."

"मग त्यांनी मला हाकललं का नाही?"