एका डोळ्याची मरळ

प्रबोध, माझा नवरा, आठ महिने दर शनिवारी पहाटे गळ घेऊन घराजवळच्या रिझर्वायरच्या तलावावर जात होता आणि दर शनिवारी रिकाम्या हाताने परत येत होता. आणायचा ते फक्त डासांचे चावे. "मासा मिळणं महत्त्वाचं नसतं, मन शांत होतं," असं तो एकदा म्हणाला. मी म्हटलं, छान, आता शांत मनाने दोन्ही बाथरूम घास.

मी पवनीची, वैनगंगेच्या काठची. माझ्या लेखी मासा म्हणजे नदीचा, नाहीतर तळ्याचा. इथे परदेशात, आमच्या हौगांगच्या मार्केटात, बर्फावर तऱ्हेतऱ्हेचे समुद्राचे मासे मांडलेले असतात, लोक त्यांच्यावर तुटून पडतात, आणि मी सहा वर्षं नाक मुरडत त्यांच्यापुढून जाते. टाकीत जिवंत ठेवलेले गोड्या पाण्यातलेही मिळतात, पण त्यांना टाकीचीच चव. तळ्याच्या माशाला जरासा चिखलाचा वास हवा. ज्याला तो सोसत नाही त्याने पनीर खावं.

त्या शनिवारी प्रबोध सातलाच परतला. बेल वाजवली नाही, दार बडवलं. पिशवीतून जे काढून त्याने सिंकमध्ये टाकलं ते बघायला मी वाकले. मरळ! चांगली दीड किलोची, काळीभोर, अजून शेपटी आपटत होती. इथे गळाला जिवंत आमिष लावायला बंदी आहे, सगळा कारभार रबरी बेडकांवर चालतो, आणि मी त्या बेडकांना आठ महिने हसत आले होते.

"दहा मिनिटांत लागली," तो म्हणाला. "पाण्यावरच्या लाकडी डेकच्या अगदी कडेलाच होती. माझीच वाट बघत असावी."

मी मरळ उलटवली आणि कारण कळलं. डाव्या बाजूला डोळाच नव्हता. जुनी जखम होती, खाचेवर कातडी जुळून आलेली.

"अर्धी आंधळी होती म्हणून तुला मिळाली," मी म्हटलं. तो इतका खूश होता की त्याने तेही कौतुकच समजलं.

मीठ आणि कणीक चोळून मी तिचा बुळबुळीतपणा काढला. माझी आई मरळ राखेत घोळवायची, पण अकराव्या मजल्यावर मी राख कुठून आणू? वाटणात खसखस हवी, तर तिला या देशात बंदी, म्हणून काजू घातले. एवढं सगळं करून चार तुकडे आमच्यासाठी ठेवले आणि बाकीच्याचा आलं-मिरी घालून पातळ रस्सा केला. तो समोरच्या सोह अंकलसाठी.

सोह अंकल आणि आंटी आमचे समोरच्या दारातले चिनी शेजारी. दोघंही सत्तरीच्या पुढचे, मूलबाळ नाही. त्याच सोमवारी अंकलची बायपास झाली होती आणि शुक्रवारी ते घरी आले होते. ऑपरेशन उत्तम झालं, पण माणूस जेवायला तयार नाही. आंटी लिफ्टपाशी भेटल्या की तेच सांगायच्या: तीन चमचे पेज, की चमचा खाली. डॉक्टरने बजावलं होतं की हे असंच चाललं तर पुन्हा दाखल करावं लागेल. आमच्याकडे बाळंतिणीला आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला मरळीचा रस्सा देतात. इथले चिनी लोकही तेच मानतात, जखम लवकर भरते म्हणे. मग माझा हात थांबतोय कशाला? डब्यात मी डोकंसुद्धा घातलं. आमच्या घरी डोकं मानाच्या माणसाला. प्रबोधने त्या डोक्याकडे आशेने बघितलं, मी प्रबोधकडे बघितलं, आणि विषय संपला.

त्यांचं दार उघडंच होतं, नुसतं जाळीचं गेट ओढलेलं. आंटी औषधं आणायला गेल्या होत्या. अंकल छातीशी उशी धरून सोफ्यावर बसले होते, चेहरा पार उतरलेला. मी डबा पुढ्यात ठेवून झाकण काढलं. ते वाकून आत बघू लागले, आणि बघतच राहिले.

"कुठून आणलास?" त्यांनी विचारलं.

"नवऱ्याने पकडला! आज सकाळी, रिझर्वायरच्या डेकवर." मी अगदी मिरवत सांगितलं.

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मला वाटलं, झालं, वासानेच ढवळलं वाटतं. पण त्यांनी चमचा उचलला. आधी डोकं घेतलं, हाडं चोखून चोखून संपवलं, मग तुकडे, मग रस्सा. शेवटी भात मागितला. मी आमच्याकडून धावत आणला. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू?

"काटे घेऊन जा," ते म्हणाले. "डबा पण. आंटीला काही सांगू नकोस."

मला वाटलं, मिठाचं पथ्य आहे, म्हणून घाबरतायत. पंचाहत्तरीचा माणूस बायकोच्या धाकाने पुरावा नष्ट करतोय, हे मी प्रबोधला हसत हसत सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी आंटी माझ्याकडे आल्या. हातात तांदळाच्या केकचा डबा, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू.

"जेवतोय!" त्या म्हणाल्या. "शनिवारपासून. काल दोन वाट्या पेज, आज अंडं पण. का माहितेय तुला?"

मी मनात म्हटलं, मला नाही माहीत तर कुणाला! पण अंकलना शब्द दिला होता. आंटींनी मागे वळून माझं दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"कुणाला सांगू नको हां. दंड करतात. त्या सोमवारी, हॉस्पिटलला जायच्या आधी, पहाटे मी पाण्यात एक मासा सोडला. आपल्या रिझर्वायरला. माझी आई करायची. एक जीव सोडायचा, म्हणजे आपल्या माणसाचा जीव वाचतो. मार्केटच्या टाकीत होता तो. एक डोळा नाही, तरी सगळ्यांना ढकलून वर येत होता. म्हटलं, हाच. रात्रभर आमच्या बाथरूममध्ये बादलीत ठेवला. अंकल स्टूल घेऊन त्याच्याशी बोलत बसला, वेडा. मी त्या माशाला सांगितलं, तू जग, म्हणजे माझा माणूस जगेल."

डबा कधी ओट्यावर ठेवला ते आठवत नाही.

"कोणता डोळा?" मी विचारलं. काय हा प्रश्न! पण तोंडून तेवढाच निघाला.

"डावा," आंटी म्हणाल्या. "का गं? तुला बरं नाही का? बस, बस."

मी खुर्चीत बसले. आंटींनी मला पाणी आणून दिलं. माझ्याच घरात, माझ्याच ग्लासात, ही बाई मला पाणी पाजत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते.

त्या गेल्यावर प्रबोधला सांगितलं. लगेच त्याच्यातला इंजिनियर जागा झाला. "सुलेखा, माशाचा आणि बायपासचा काही संबंध नाही."

मला का ते माहीत नाही? आमच्या घरात नवस नाही, गंडादोरा नाही, बावीस प्रतिज्ञा माझ्या आजीला तोंडपाठ होत्या. माणसाचा जीव माशात नसतो, हे मी लहानपणापासून मानत आले आणि अजूनही मानते. पण त्या रात्री मी ताट तसंच सरकवलं. ज्या माणसासाठी तिने तो मासा सोडला, त्याच माणसाला मी त्या माशाचा रस्सा करून पाजला. वर मानाचं डोकं! मला माझाच संताप आला, मग प्रबोधचा आला, मग त्या रबरी बेडकाचा.

"आपण दुसरी मरळ आणून सोडू," प्रबोध म्हणाला.

"एका डोळ्याची? ऑर्डर देऊन बनवून घेणार आहेस?"

मी गप्प राहायचं ठरवलं, आणि तेही जमलं असतं. पण आंटी रोज सकाळी डेकवर जायला लागल्या. आपला मासा दिसतो का ते बघायला. बुधवारी दिसला नाही, गुरुवारी दिसला नाही. शुक्रवारी लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"तो वर येऊन हवा घेतो, सु. हा मासा तसाच असतो. मग दिसत का नाही?" त्या म्हणाल्या. "मेला असेल का?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रात्री त्या उठून अंकलच्या नाकाशी हात धरतात. दिवसभर त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसतात. स्वतः दोन दिवस जेवलेल्या नाहीत. अंकल खाऊन पिऊन सुधारत होते आणि आंटी डोळ्यांदेखत वाळत होत्या.

मी ठरवलं, आता बस. शिव्या खाईन, दार कायमचं बंद झालं तर होवो, पण या बाईला पाण्याकडे बघत झुरू देणार नाही. सकाळी सरळ जाऊन त्यांचं गेट वाजवलं.

अंकलनी उघडलं. आंटी अंघोळीला गेल्या होत्या, आतून पाण्याचा आवाज येत होता. मला धीर धरवेना. मी तिथेच, दारात उभी राहून, एका दमात ओकून टाकलं.

"अंकल, मी तुम्हाला जो मासा दिला ना, तो आंटींनी सोडलेला होता. तोच. डावा डोळा नव्हता. मला माहीत नव्हतं हो, शपथ!"

"मला माहितेय," अंकल म्हणाले.

"कधीपासून?"

"तू झाकण काढलंस तेव्हापासून. रात्रभर बोललो मी त्याच्याशी. तोंड विसरेन?"

"आणि तरी तुम्ही खाल्लात?"

त्यांनी बाथरूमच्या दाराकडे नजर टाकली आणि मला जवळ ये अशी खूण केली. "ती दहा मिनिटांत परत येणार होती. डबा तसाच राहिला असता तर तिने झाकण उघडलं असतं. परत न्यायला सांगितला असता तर तू संध्याकाळी तिच्याच हातात दिला असतास. मग काय झालं असतं, तू सांग." छातीवर हात ठेवून त्यांनी दम घेतला. "म्हणून डोकं आधी खाल्लं. नको नको होत होतं. दोन घास तर नुसते ढकलले. मग काय झालं कुणास ठाऊक, भूक लागली! किती आलं घातलं होतंस तू."

आठवडाभर मी ज्याला भूक समजत होते, औषधाचा गुण समजत होते, माझ्या हाताची चव समजत होते, ते हे होतं. त्यांना रस्सा नको होता. बायकोच्या नजरेस ते डोकं पडू नये म्हणून त्या माणसाने, छातीला टाके असताना, आदल्या रविवारी रात्रभर ज्याच्याशी गप्पा मारल्या त्या माशाला हाडं चोखून संपवलं होतं.

"पण त्या रोज तिथे जातायत," मी म्हटलं. "जेवत नाहीत. त्यांना सांगायला हवं."

"नाही." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मासा मेला म्हणून सांगितलंस, तर ती रोज सकाळी माझ्याकडे उद्या जाणाऱ्या माणसाकडे बघावं तशी बघेल. मी जगेन गं. पण तिच्या त्या नजरेखाली मला नाही जगायचं."

पाण्याचा आवाज थांबला. आंटी टॉवेलने केस पुसत बाहेर आल्या, मला बघून म्हणाल्या, "मी पाण्यावर चाललेय. येतेस?"

"मी पण येतो," अंकल म्हणाले.

त्यांच्यासाठी हॉस्पिटलने दिलेली व्हीलचेअर होती. मी ढकलत होते. आंटी बाजूने चालत होत्या, दोन बोटं त्यांच्या मनगटावर. डेकवर चार-पाच लोक गळ टाकून बसले होते. पाणी करडं होतं, वारा अजिबात नव्हता. आंटी कठड्याला टेकून बघू लागल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यांनी पुन्हा अंकलचं मनगट धरलं.

"तो बघ!" अंकल एकदम ओरडले. "तिथे, गवताच्या मुळाशी! वर आला, हवा घेतली, गेला!"

"कुठे? मला नाही दिसला. तुला काय दिसतंय, चष्मा घरी ठेवून आलास." आंटी माझ्याकडे वळल्या. "सु, तू सांग. तुला दिसला?"

पाण्यावर साधा तरंग नव्हता. अंकल माझ्याकडे बघत नव्हते, समोर पाण्याकडेच बघत होते.

"दिसला," मी म्हटलं. "या बाजूला डोळा नव्हता."

आंटींच्या तोंडून हुंदका आला की हसू, मला कळलं नाही. त्यांनी अंकलचं मनगट सोडलं, दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि त्या गवताकडे वाकून बघत राहिल्या.

"बारीक झालाय का?" त्यांनी विचारलं.

"छे," अंकल म्हणाले. "चांगला जेवतोय."

व्हीलचेअरचा ब्रेक लागलाय का ते बघायच्या निमित्ताने मी खाली बसले, कारण त्या दोघांपैकी एकाच्याही तोंडाकडे मला बघवेना.