सदर बाईपासून दूर

जोतीरामाला रोज दिवेलागणीला चावडीवर हजेरी द्यावी लागे आणि सोबतीला बायको ठमाबाई जाई. सरकारी हुकमाप्रमाणं जिच्या वाऱ्यालाही त्यानं उभं राहायचं नव्हतं, ती बाई हीच.

अठरा वर्षांपूर्वी ठमाबाई सुप्याहून स्वतःच्या पायानं त्याच्याकडं चालत आली होती. गाठोडंसुद्धा त्याला उचलू दिलं नव्हतं. पण तिच्या बापानं बाई पळवल्याची फिर्याद ठोकली. इंग्रजी कोर्टानं जोतीरामाला सहा महिने आत टाकलं आणि सुटल्यावर 'स्त्रियांस उपद्रवी इसम' म्हणून रजिस्टरात चढवलं. शीव ओलांडायची नाही, रोज अंगठा द्यायचा, सदर बाईपासून दूर राहायचं. पुढं साहेब गेला, राज्यघटना आली. रजिस्टर होतं तिथंच राहिलं.

पोलीस पाटील रावजी अंगठा घेत आणि खाली लिहीत, 'सदर इसम सदर बाईपासून दूर आहे.' त्यांना अंधुक दिसे, म्हणून सदर बाई तेवढा वेळ कंदील धरून उभी राही.

जोतीराम या सगळ्याला सरावला होता. पण त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर थोरल्या सरूचं लग्न ठरलं. वैशाखात, नरसिंहपूरला. म्हणजे शिवेपलीकडं सात कोस.

"पाटील, चार दिसांची परवानगी द्या. पोरीच्या लग्नात बाप नगं व्हय?"

"वर लिवावं लागंल. तुझा मामा गेला तवाच्या अर्जाचं उत्तर अजून आलं न्हाय."

"तवर नवरदेव पळून जाईल," ठमाबाई कंदील वर धरत म्हणाली.

"मग त्याचंबी नाव घालू," पाटील म्हणाले.

जोतीरामाला शिवेबाहेर जाता येईना, म्हणून बारामतीच्या बापूसाहेब वकिलांकडं ठमाबाईच गेली. बापूसाहेब तरुण होते. घटना त्यांनी दोनदा वाचली होती, पण ती वापरायला अजून कुणी सापडलं नव्हतं.

"अर्जदार कुठे आहेत?"

"त्यास्नी शीव वलांडता येत न्हाय."

"आणि आपण कोण?"

"मी सदर बाई."

बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि हायकोर्टाचा अर्ज लिहायला घेतला. देशात कुठंही हिंडण्याचा हक्क घटनेनं दिलाय, सबब हे रजिस्टर घटनेच्या विरुद्ध आहे.

सरकारनं उत्तर दिलं की रजिस्टर फार गुणकारी आहे. त्याच्यामुळंच हा इसम अठरा वर्षं त्या बाईपासून दूर राहिला. पुरावा म्हणून पाटलांचे दाखले जोडले होते.

गावचं जन्ममृत्यूचं बुकही पाटीलच लिहीत. बापूसाहेबांनी त्याच्या नकला काढल्या. मुलं तीन, बाप जोतीराम, आई ठमाबाई, सही रावजींची.

पाटील भरदुपारी जोतीरामाच्या दारात आले. "जोत्या, माझी पाटीलकी जाती आता."

"मी खरंच लांब हुतो, असं सांगू का कोर्टात?"

पाटलांना जरा बरं वाटलं.

"पण मग पोरं कुणाची, असं इचारतील. अन् रोज चावडीवर तर तुमीच हुता."

"तसलं काय बोलू नगंस," पाटील घाईनं म्हणाले.

सरकारी वकिलानंही ते दोन कागद शेजारीशेजारी ठेवून पाहिले असावेत. तारखेच्या आधीच, चैत्रात, वरून दोन ओळी आल्या. नाव कमी केले आहे. कारण दिलं नव्हतं. पाटलांना कुणी काही विचारलं नाही. वाईट वाटलं ते फक्त बापूसाहेबांना, त्यांचं दोन तासांचं भाषण तयार होतं.

वैशाखात वऱ्हाडाच्या गाड्या निघाल्या. शिवेच्या दगडापाशी जोतीराम खाली उतरला. एक पाय पलीकडं टाकला आणि थांबला. काही झालं नाही. मग दुसरा टाकला.

"बैलं थांबल्यात," ठमाबाई म्हणाली.

नरसिंहपूरला मंगलाष्टकं झाल्यावर बापूसाहेब आपल्या भाषणातलं अर्धा तास बोलले. मंडळींना तो आशीर्वाद वाटला आणि उरलेल्या अक्षता त्यांच्यावर पडल्या.

दिवेलागण झाली तसा जोतीराम पंगतीतून चुळबुळत उठला. समोरच्या रांगेत रावजी पाटीलही उठून खिशात अंगठ्याच्या शाईची डबी चाचपत होते. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"बसा दोघंबी," ठमाबाई म्हणाली. "भात निवतोय."

पाटील बसले. जोतीरामही बसला, सदर बाईला चांगला खेटून.