गुंडाळीतली टाचणी

मास्तरांनी उभा जन्म माणसांना कापडात गुंडाळण्यात घालवला होता. काकडी गुंडाळायची वेळ मात्र त्यांच्यावर पहिल्यांदाच आली, आणि काकडी कुठल्याही गिऱ्हाइकापेक्षा हट्टी निघाली.

याला कारण अक्का, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. फार वर्षांपूर्वी दोघं बापाच्या शिवणाच्या दुकानात शेजारी शेजारी बसत. एके दिवशी मास्तरांनी अक्काने शिवलेली कोटाची बाही गिऱ्हाइकाच्या देखत टराटरा उसवली. शिवणाऱ्याच्या तोंडात याहून मोठी चपराक नाही. अक्का मशिनवरून उठली, ती बोटातली अंगुस्तानाची टोपी तशीच ठेवून निघून गेली. त्यानंतर ती या घराची पायरी चढली नाही. आणि काल अचानक तिचा फोन!

"ह्यांना डोळ्याच्या डॉक्टरांकडे आणतेय. वाटेवरच आहे तुझं घर, म्हणून पाणी प्यायला येऊ. चहाबिहा टाकू नकोस. गॅसला हात लावलास तर आम्ही रस्त्यावरूनच परत जाऊ."

धमकीत तथ्य होतं. बायको गेल्यापासून मास्तरांनी एकदाच दूध तापवलं होतं, तर शेजारचा कुलूपवाला बंब बोलवायला पळाला होता. दुधाची साय छताला चिकटली होती असं तो अजून शपथेवर सांगतो.

म्हणून हा बिनगॅसचा बेत. बारीक सोलाण्याने काकडीच्या लांब पट्ट्या काढायच्या, त्यांवर फडक्यात बांधून निथळलेलं दही फासायचं, गाजराच्या आणि ढोबळी मिरचीच्या काड्या ठेवायच्या, वर पुदिन्याचं पान, आणि गुंडाळायचं. मास्तरांचा हात कात्रीत मुरलेला. पट्टी अशी पातळ निघाली की तिच्यातून पेपर वाचावा, आणि वाईट बातमीही जरा हिरवीगार दिसावी. पण गुंडाळी काही केल्या बसेना. सोडली की उलगडली, दाबली की दही बाहेर.

तेव्हा मास्तरांनी तेच केलं, जे कापड ऐकेनासं झालं की ते करत. मनगटावरच्या उशीतून टाचणी काढली आणि गुंडाळीत खुपसली. मग दुसरीत, मग तिसरीत. सगळं ताट टाचून फ्रिजमध्ये ठेवलं. गार झालं की आकार धरेल, वाढायच्या आधी टाचण्या काढू, झालं! एरवीही कच्ची शिलाई काढतातच की.

आणि त्या टाचण्या काढत असतानाच दाराची बेल वाजली. अजून वेळ होता, पण अक्का जन्मली तीच घाईत.

मास्तरांनी भराभर उरलेल्या टाचण्या ओढल्या, उशीत खोचल्या आणि ताट घेऊन बाहेर आले. दारात अक्का उभी. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र पट्टीसारखी सरळ. मागे भाऊजी, डोळ्यांत औषध घातल्यामुळे सारखे मिचकावत.

"ये ना अक्का. या भाऊजी."

"आलेच आहे. वाळलास रे दोऱ्या."

लहानपणीचं ते नाव कानावर पडताच मास्तरांनी ताट टेबलावर ठेवून खुर्ची पुढे ओढली. अक्का खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. तिने ताट पाहिलं, भुवई वर केली. "हे तू केलंस?" म्हणाली, आणि एक गुंडाळी उचलून तोंडात टाकली.

मास्तर सुखावले. आपोआप त्यांचा उजवा अंगठा डाव्या मनगटावरच्या उशीवरून फिरला. ही त्यांची जुनी सवय. काम संपलं की बोटांनी टाचण्या चाचपायच्या. शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहावीत तशा त्या रांगेने उभ्या असत.

शेवटच्या रांगेत एक जागा रिकामी होती.

त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. रिकामीच. गुंडाळीत नीट आत शिरलेली टाचणी वरून दिसणारसुद्धा नव्हती.

"हे काय, काकडी का?" भाऊजींनी डोळे मिचकावत ताटाकडे हात नेला. भाऊजींची खाण्याची रीत साऱ्या नात्यात प्रसिद्ध. चावणं त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. उभं केळं त्यांच्या घशातून पत्रपेटीत पाकीट पडावं तसं खाली जाई.

"थांबा भाऊजी!" मास्तरांनी ताट ओढलं. "मीठ राहिलं घालायचं. आत नेऊन आणतो."

"मीठ मला बंदच आहे. हे तर फारच छान झालं!" भाऊजींनी ताटाची दुसरी कड धरली. थोडा वेळ ताट दोघांच्या मध्ये हवेत तरंगलं.

"दे की त्यांना," अक्का म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहेत."

मास्तरांनी ताट सोडलं. 'टाचणी आहे' हे दोन शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभे होते. पण ते म्हणावेत कसे? बाई इतक्या वर्षांनी उंबरठा ओलांडते, आणि भाऊ तिच्यापुढे टाचण्या वाढतो! ती आत्ता उठेल, आणि आज उठली तर परत बसायची नाही. पुन्हा, कदाचित ती टाचणी स्वयंपाकघरात जमिनीवर पडली असेल. असेलच.

"पाणी आणतो," म्हणत ते आत पळाले. चपला काढून अनवाणी पायांनी त्यांनी सगळी फरशी पुसून काढली. मास्तरांच्या तळव्यांना अंधारातसुद्धा सुई कुठल्या नंबरची ते कळे. पायाला गाजराची सालं लागली, पुदिन्याचा देठ लागला. टाचणी लागली नाही. फ्रिजमध्ये नाही. ओट्यावर नाही.

बाहेर भाऊजींचा आवाज आला. "मऊ आहे गं एकदम. कळतसुद्धा नाही कधी गेली."

मास्तर पाणी सांडत बाहेर आले. ताटातल्या आणखी दोन गुंडाळ्या गेल्या होत्या. भाऊजी हसत होते, म्हणजे अजून काही टोचलं नव्हतं. त्यांचा हात तिसरीकडे निघाला, आणि मास्तरांनी झडप घालून ती स्वतःच्या तोंडात कोंबली.

"अरे!" भाऊजी म्हणाले.

मास्तर सावकाश चावत होते. जिभेने प्रत्येक काडी चाचपत होते. गाजर. मिरची. दही. लोखंड नाही. त्यांनी दुसरी उचलली. मग तिसरी. भाऊजींचा हात जिकडे जाई, तिकडे मास्तरांचा हात आधी पोचे.

"पाहुण्यांना बोलावून आपणच खायचं, ही कुठली नवी पद्धत?" अक्का म्हणाली. ती ओठ फारसे न हलवता बोलत होती. रागाने, मास्तरांना वाटलं. "बाबांच्या ताटातलंही असंच उचलायचास."

"भूक... भूक लागलीय गं फार."

"दिसतंय."

मास्तरांचे गाल फुगले होते, कपाळावर घाम होता, डोळ्यांत पाणी होतं. प्रत्येक घासाला वाटे, आता टोचेल. टोचू दे. टोचलं तर सुटलो. जिभेला टोचली तर रक्त गिळून हसता येईल. पण टोचत नव्हतं. गुंडाळ्या संपत चालल्या, आणि प्रत्येक गुळगुळीत घासाबरोबर उरलेल्यांतला धोका वाढत होता. अक्का त्या पहिलीनंतर काहीच खात नव्हती. हाताची घडी घालून भावाकडे टक लावून बघत होती.

ताटात एकच उरली.

मास्तरांच्या तोंडात अजून आधीचा घास होता. तेवढ्यात भाऊजींनी, या घरात जगायचं तर चपळाई हवी हे ओळखून, ती उचलली आणि आ वासला.

"टाका!" मास्तर ओरडले. अर्धी काकडी त्यांच्याच सदऱ्यावर आली. "टाका ती भाऊजी! टाचणी आहे तिच्यात! मी टाचल्या होत्या सगळ्या, एक राहिली. गिळू नका, पाया पडतो!"

भाऊजींचा आ तसाच राहिला. मास्तरांनी त्यांच्या बोटांतून गुंडाळी हिसकावली, टेबलावर उलगडली, दही पसरलं, काड्या वेगळ्या केल्या, पुदिन्याचं पान उलटं करून पाहिलं.

टाचणी नव्हती.

भाऊजींच्या दोन सुखरूप गेल्या. बाकीच्या मास्तरांनी स्वतः चावल्या. आता एकच गुंडाळी हिशेबाबाहेर राहिली, ती सगळ्यांत पहिली.

मास्तर हळूहळू वळले. त्यांचा चेहरा दह्यासारखा पांढरा पडला होता.

"अक्का... तू... दवाखान्यात चल. आत्ता. मी रिक्षा आणतो. अक्का, बोल ना काहीतरी!"

अक्काने दोन बोटं ओठांच्या कोपऱ्याशी नेली आणि गालाच्या आतून ती टाचणी ओढून काढली. पदराला पुसली. उजेडात धरून पाहिली.

"पहिल्याच घासाला लागली," ती म्हणाली. आता तिचे ओठ मोकळे हलले. "सगळा जन्म टाचण्या तोंडात धरून पट्ट्या दुमडल्या रे मी. माझ्या जिभेला टाचणी कळायची नाही?"

"मग... मग बोलली का नाहीस? मी इकडे मरत होतो!"

"तू बोलतोस का ते बघत होते."

मास्तर मटकन खाली बसले. भाऊजींनी पोटावर हात ठेवून विचारलं, "म्हणजे माझ्या पोटात नक्की काही नाही ना?"

"आणि बोललो नसतो तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर ही टाचणी घेऊन गेले असते, आणि तुला ती जन्मभर शोधू दिली असती." अक्काने टाचणी टेबलावर ठेवली. "बोललास. उशिरा बोललास, तोंडातला घास सांडत बोललास, पण ह्यांच्या देखत बोललास." मग ती खुर्चीच्या कडेवरून मागे सरकून नीट टेकून बसली. "काकडी आहे का अजून?"

मास्तरांनी मान डोलावली.

"आण. फडकंही आण कोरडं. ओल्या पट्टीवर दही फासलंस, मग घसरणार नाही तर काय होणार? आधी टिपून घ्यायची. दही कडेपर्यंत न्यायचं नाही, शिलाईला माया ठेवतात तशी बोटभर कड सोडायची. टाचण्या कसल्या खुपसतोस?"

तिने पट्टी टिपली, दही फासलं, काड्या मांडल्या, आणि अंगठ्याने एक पीळ दिला. गुंडाळी अशी बसली की वादळातही उलगडू नये. भाऊजी आशेने पुढे सरकले. अक्काने त्यांचा हात बाजूला केला आणि गुंडाळी भावापुढे धरली.

"खा."

मास्तरांच्या पोटात तिळाएवढी जागा नव्हती. त्यांच्या कानांतून आता काकडीचं पाणी निघेल की काय, असं भाऊजींना वाटत होतं.

"खातोस ना?"

"खातो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.