नंदाबाईंच्या कमरेचा सोनेरी पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पँटीचा नव्हे आणि बैलाच्या गळ्यातलाही नव्हे. परदेशात टीव्हीसाठी कुस्त्या होतात, तिथे जिंकलेला पैलवान जो रुंद सोनेरी पट्टा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मिरवतो ना, तसला मी. माझी गोष्ट सांगताना मी मध्येच अडखळलो तर समजून घ्या. जे घडलं त्याचा धक्का अजून माझ्या कातड्यातून गेलेला नाही.

समुद्रापलीकडच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. एका अबोल कारागिराने जस्ताच्या जाड पत्र्यांवर नक्षी आणि मधल्या पत्र्यावर पंख पसरलेला गरुड कोरला. त्यावर सोन्याचा मुलामा चढवला. मग काळ्या जाड चामड्यावर ते पत्रे बसवले आणि टोकांना टिचबटणं लावली. माझ्यासारखे अगदी मोजके पट्टे त्याने बनवले. मला वाटलं, आता कुणीतरी घामेजलेला पैलवान येईल आणि मला कमरेला बांधेल. पण मला नेणारा माणूस पैलवान नव्हता. त्याने मला पेटीत ठेवलं. पुढे त्याने मला दुसऱ्याला विकलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. प्रत्येक वेळी माझी किंमत वाढली आणि पेटी अधिक मऊ झाली. माझी टिचबटणं मात्र एकदाही लागली नाहीत.

असा फिरत फिरत मी लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावात आलो, ओंकारच्या घरी.

ओंकार लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवर काम करत असे. वडील तो लहान असतानाच गेले होते. घरात तो आणि त्याची आई नंदाबाई, दोघंच. लहानपणी शेजारच्यांच्या खिडकीतून टीव्हीवरच्या कुस्त्या पाहता पाहता त्याला या पट्ट्यांचं वेड लागलं आणि नोकरी लागल्यावर ते वाढत गेलं. घराच्या पुढच्या खोलीत त्याने काचेचं कपाट करून घेतलं होतं. आत दिवे, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि ओळीने मांडलेले पट्टे. त्या सगळ्यांत महाग मी. मला हात लावण्यापूर्वी ओंकार पांढरे हातमोजे घाली. माझे फोटो काढी आणि ते पाहून कुठले कुठले लोक "वा! वा!" असं लिहीत. खरं सांगतो, मित्रांनो, मला ते आवडायचं. मी फुगून गेलो होतो.

नंदाबाई काचेबाहेरूनच आमच्याकडे बघत. एकदा त्यांनी विचारलं, "ह्यो मधला केवढ्याला पडला रं?"

"आई, तुला सांगितलं तर तुला जेवण जाणार नाही."

"आन करायचं काय त्याचं? बैलाला बी कुनी एवढा जड पट्टा घालत न्हाई."

"अगं, ही गुंतवणूक आहे. सोन्यासारखी. याची किंमत वाढतच जाते. उद्या काही अडचण आली तर एक काढायचा आणि विकायचा. झालं."

नंदाबाईंनी मान हलवली. मुलगा शिकलेला, त्याला कळत असेल, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

त्या वर्षी आषाढात नंदाबाईंची कमर धरली. आधी सकाळी उठताना, मग चुलीपुढे बसताना, मग पाण्याची कळशी उचलताना. त्या एकट्याच लोणावळ्याला जाऊन डॉक्टरांना दाखवून आल्या. संध्याकाळी ओंकार माझ्या कपाटासमोर बसून फोनवर सत्यमशी बोलत होता. सत्यम हा लोणावळ्यातला त्याचा मित्र, त्यालाही पट्टे जमवायचा नाद. रविवारी तो मला बघायला येणार होता, त्याचंच बोलणं चाललं होतं.

नंदाबाई दारात उभ्या राहिल्या. "ओंकार, डॉक्टर म्हनला वाकायचं न्हाई. आन कमरंला पट्टा लावायला सांगितलाय. त्यो आनावा लागंल."

"हं."

"उद्या येताना आनशील का?"

ओंकारने फोन कानापासून जरासा दूर धरला आणि हसत म्हणाला, "आई, घरात एवढे पट्टे आहेत. घे की त्यातला एक!" आणि पुन्हा फोन कानाला लावला. पलीकडून सत्यमच्या हसण्याचा आवाज मला काचेतूनही ऐकू आला.

नंदाबाई हसल्या नाहीत. त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहून आमच्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ओंकार कामावर गेला. भाताची लावणी निम्म्यावर आली होती, रोपं वाढून चालली होती आणि गावातल्या बायका नंदाबाईंच्या खाचरात यायच्या होत्या. बायका आल्या आणि मालकीणच घरी निजून आहे, हे नंदाबाईंना जमणारं नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं. एक एक पट्टा पाहिला आणि सगळ्यात रुंद म्हणून मला उचललं.

मी हादरलो! हातमोजे नाहीत, काही नाही. राखेने आणि मातीने खरबरीत झालेले ते हात. त्यांनी लुगड्याचा काष्टा मारला, मला कमरेभोवती गुंडाळलं आणि टिचबटणं दाबली. टक, टक. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी माणसाच्या अंगाला लागलो होतो. ती ऊब काय असते ते मला माहीतच नव्हतं.

गावामागच्या नागफणीच्या कड्यावर ढग उतरले होते. खाचरात गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी होतं. डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेतलेल्या बायका रांगेने वाकल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि सगळ्यांचे हात थांबले.

"अगं बया! ह्ये काय घातलंस गं, नंदा?" शेजारच्या कस्तुराबाईंनी विचारलं.

"कमरंचा पट्टा हाय. डॉक्टरनी सांगितलाय."

"एवढा झळाळता?"

नंदाबाईंनी मला हाताने चाचपलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या ओंकारनं आनलाय. लय म्हाग हाय म्हनं. परदेशातनं मागवलाय."

"नशीब काढलंस बाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "आमचा तर गोळी बी आनून देत न्हाई."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, मला काढा! मी आधार द्यायला बनलेलोच नाही! माझे पत्रे कडक आहेत, माझं वजन तुमच्याच मणक्यावर पडतंय! पण माझ्या तोंडाला आवाज कुठला? त्या वाकल्या की माझी कड त्यांच्या बरगडीत रुते. त्या "आई गं" म्हणत आणि पुढचं रोप लावत. चिखल माझ्या गरुडाच्या पंखांत शिरला, पाणी माझ्या चामड्यात मुरलं. एकदा बांधावर टेकताना दगडावर आपटून माझा मधला पत्रा वाकला. ज्याला कुणी श्वासही लागू देत नव्हतं, त्या माझी ही गत! आणि तरी मला माझ्यापेक्षा त्या बाईंचीच धास्ती वाटू लागली होती.

दुपारी बांधावरून ओरडण्याचा आवाज आला. ओंकार धावत येत होता. मागे सत्यम, बुटांसकट चिखलात. सत्यमला रविवारी जमणार नव्हतं म्हणून ते दोघं आजच घरी आले होते आणि पाहतात तो कपाट सताड उघडं.

"आई! आई, चोरी झाली! घरात चोरी झाली! मधला पट्टा नेला कुणीतरी..."

नंदाबाई आवाजासरशी वळल्या आणि ओंकारचं बोलणं तोंडातच राहिलं. त्याचा चेहरा असा झाला, जणू चोरानेच त्याच्या कानाखाली वाजवली होती.

"हे... हे काय केलंस तू?" तो खाचरात उतरला. "आई, तुला अक्कल आहे का? काय आहे हे माहीत आहे का तुला? कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

सगळ्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या.

"तूच म्हनलास," नंदाबाई हळू म्हणाल्या. "घरात हायेत त्यातला घे, म्हनलास."

ओंकारने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने त्यांच्या कमरेवरची टिचबटणं खेचून सोडवली आणि मला चिखलापासून वर, डोक्यापर्यंत उचललं. त्याच क्षणी नंदाबाईंनी ताठ व्हायचा प्रयत्न केला. त्यांच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला, पाय मुडपले आणि त्या पुढे कोसळल्या.

तो समोरच उभा होता, मित्रांनो. हात पुढे केला असता तर त्याने त्यांना झेललं असतं. पण त्याच्या दोन्ही हातांत मी होतो.

कस्तुराबाईंनी झेप घेऊन त्यांना धरलं, तरी तोवर तोंड पाण्यात गेलं होतं. ओंकार तसाच उभा. वर धरलेले हात, त्यात मी, आणि पायाशी आई. मग त्याचे हात खाली आले आणि मी चिखलात पडलो. तो गुडघ्यांवर बसला. "आई, ए आई," एवढंच तो म्हणत होता.

सत्यमच्या गाडीतून त्यांना तळेगावला नेलं. सत्यमने मला चिखलातून काढून मागच्या सीटखाली टाकलं होतं. दवाखान्यात पोचल्यावर, कशासाठी ते त्याचं त्यालाही कळलं नसेल, ओंकारने मला हातात घेतलं आणि बाकावर शेजारी ठेवलं. म्हणून पुढचं मी ऐकलं.

डॉक्टर बाहेर आले. मणक्यातली गादी सरकली होती आणि शिरेवर दाब आला होता. ऑपरेशन लगेच करायला हवं. "इतके दिवस दुखत होतं तर वाकायचं काम का करू दिलंत?" त्यांनी विचारलं.

ओंकार सत्यमकडे वळला. "सत्या, सगळे पट्टे घे. आत्ता घे. तू म्हणशील त्या किमतीला."

सत्यमने मान हलवली. "मी घेऊन काय करू?"

"म्हणजे? परवाच तर तू म्हणालास, भाव दुपटीने वाढलाय!"

"ओंकार, घेणारे आपण किती जण आहोत? मूठभर. आज तू माझ्याकडून घेतोस, उद्या मी तुझ्याकडून. किंमत आपण आपल्यातच वाढवत होतो रे. बाहेरचा माणूस याला पत्रा म्हणतो."

ओंकारने तरीही फोन काढला. माझ्या फोटोंना "वा! वा!" म्हणणाऱ्या एकेकाला विचारलं. कुणी म्हणालं, दिवाळीनंतर बघू. कुणी उचललाच नाही. मित्रांनो, तेव्हा माझ्या अंगावरचा उरलासुरला मुलामाही उतरल्यासारखं मला झालं. एवढी वर्षं मी स्वतःला काय समजत होतो!

"ऊठ," शेवटी सत्यम म्हणाला. "आत्ताचे पैसे मी भरतो. पट्ट्यांचं नाव काढू नकोस."

ऑपरेशन नीट झालं. नंदाबाई घरी आल्या, पण पुन्हा खाचरात वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. खरा कमरेचा पट्टा आला. साधा, कापडी, अंगाला सोसणारा. औषधाच्या दुकानात तो पहिल्यापासून टांगलेलाच होता. ओंकार रोज सकाळी तो आईला बांधून देई, पण तिच्या डोळ्यांकडे बघत नसे.

एक दिवस कस्तुराबाई डबा घेऊन आल्या. ओंकार ओटीवर बसला होता. त्या सहज म्हणाल्या, "त्या दिवशी तू असा का वरडलास रं तिला? ती तर सगळ्यांस्नी सांगत हुती, माझ्या पोरानं परदेशातनं पट्टा मागवलाय म्हनून. आमाला सगळ्यांस्नी तुजं कवतिक वाटलं हुतं."

ओंकारने त्यांच्याकडे पाहिलं. तो उठून आत गेला, आईच्या खाटेपाशी जमिनीवर बसला आणि खाटेच्या काठावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

"अरं, काय झालं?" नंदाबाई घाबरल्या. "त्यो पट्टा खराब झाला म्हनून का? मी घासून दीन चिंचंनं."

त्यावर त्याला आणखीच रडू आलं.

बाकीचे पट्टे त्याने पुढे मिळेल त्या भावाला देऊन टाकले. काचेच्या कपाटात आता नंदाबाईंची औषधं आणि पांघरुणं असतात. मी खुंटीला टांगलेलो आहे. चामडं कडक झालंय, पत्रा वाकलाय, गरुडाच्या पंखांतला चिखल अजून निघालेला नाही. मला आता कुणी विकत घेणार नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. मी एका कमरेला लागलो. पण मी तिला मोडलं, ही गोष्ट मला गिळता येत नाही.

मित्रांनो, तुम्हीही काहीतरी जमवत असाल. नाणी, तिकिटं, गाड्या, नाहीतर माझ्यासारखे चकचकीत पट्टे. जरूर जमवा. आमची धूळ पुसा, आम्हाला जपा, आम्हाला ते आवडतं. फक्त एवढं करा. आम्हाला उचलाल तेव्हा एकाच हाताने उचला. दुसरा हात मोकळा असू द्या.