पद्मावहिनींची बिनतळाची ताडपत्री

सातासमुद्रापलीकडच्या टार्निटमधल्या अनुपच्या गॅरेजात शिकारीचं सगळं सामान मांडलं होतं, आणि त्याच्या मधोमध, पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखा, एक हिरवा तंबू ऐटीत उभा होता. दोन दारं, चार खिसे, खाली जाड तळ. वजन तीन किलो.

पद्मावहिनींनी आपल्या सॅकमधून पावाच्या लादीएवढी एक घडी काढून त्याच्या शेजारी ठेवली.

"हे काय?" अनुपनं विचारलं.

"ताडपत्री. सातशे ग्रॅम."

"आणि तळ?"

"तळ जमिनीला आहे की."

हृषिकेश फिस्सकन हसला. हा अनुपच्या ऑफिसातला. घरी शुद्ध शाकाहारी, बाहेर सगळं चालणारा. बंदूक-बिंदूक काही नाही, नुसता बघायला निघालेला.

"वहिनी, असली ताडपत्री आपल्याकडे कांद्याच्या टेम्पोवर टाकतात," अनुप म्हणाला. "रात्री साप येईल, जळवा येतील, बुल अँट येतील, बोटाएवढ्या डसणाऱ्या मुंग्या."

"आल्या वाटेनं जातील. तुझ्या तंबूत शिरलेला साप मात्र चेन उघडून देईपर्यंत तुझा पाहुणा."

"जोक नाही हां! गाडी माझी, रान माझ्या माहितीचं. माझ्याबरोबर यायचं तर टेंट घ्यायचा. रूल इज रूल."

"तुझा रूल तू तुझ्या पाठीवर घे. माझ्या पाठीवर काय चढणार ते माझी पाठ ठरवेल."

धाकट्या दिराला असं तोडून बोलायचा वहिनींचा स्वभाव नव्हे. पण भांडण तंबूचं नव्हतंच मुळी. गेल्या वर्षी अनुपनं सांबराची एक मोठी मादी मारली. पाठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढून आणल्या आणि उरलेलं धूड तिथंच सोडलं. "कोण वाहणार एवढं? सगळे असंच करतात," हे त्यानं हसत हसत सांगितलं, तेही वहिनींच्या ताटात तेच मटण पडलेलं असताना. घास तोंडातच फिरत राहिला.

त्यानंतर महिन्याभरात वेरिबीच्या हॉलमध्ये कीर्तन झालं. वहिनींना कीर्तनाचं वेड. मृदंगावर थाप पडली की यांच्या डोळ्यांना पाणी सुटलंच. बुवांनी त्या दिवशी अन्नावर निरूपण केलं आणि शेवटी म्हणाले, मांस सोडा, माळ घाला. नमस्काराच्या रांगेत वहिनी पुढे झाल्या. "बुवा, मांस माझ्यानं सुटायचं नाही, आणि खोटी माळ मी घालणार नाही. पण शब्द देते. ज्या जिवाचं खाईन, त्याचं खाण्याजोगं काही टाकणार नाही. पानातही नाही, रानातही नाही." बुवा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. नुसता कपाळाला बुक्का लावला.

शब्द दिला म्हणजे दिला. वहिनींनी बंदुकीचा कोर्स केला, लायसन्स काढलं, आठ महिने दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन खांदा काळानिळा करून घेतला. आणि एक हिशेब पक्का केला. पन्नाशीला टेकलेल्या बाईची पाठ फार तर पंचवीस किलो नेते. तंबूचे जास्तीचे दोन-अडीच किलो म्हणजे तेवढंच मांस मागे राहणार. म्हणून ताडपत्री. अंगाखाली घ्यायला समोरच्या बांधकामावरून, ओल लागू नये म्हणून भिंतींना गुंडाळतात त्या पांढऱ्या कापडाचा तुकडा मागून आणला. झालं अंथरूण!

शेवटी अनुपनं कपाळाला हात लावला आणि तिघं निघाले. हाय कंट्रीतल्या, म्हणजे डोंगराळ रानातल्या, नदीकाठी पोचेपर्यंत शुक्रवारची दुपार कलली होती. गाडी वर डोंगरावर, ही मंडळी सात किलोमीटर खाली. अनुपनं नदीलगतच्या मऊ गवतावर तंबू ठोकला. वहिनी वर डोंगराच्या सोंडेवर गेल्या. मोठ्या गमट्रीखाली, म्हणजे इथल्या निलगिरीखाली, नाही, कारण त्याची फांदी कधी खाली येईल सांगवत नाही. किंचित उतार बघितला, ताडपत्रीच्या मध्ये चालायची काठी उभी केली, वाऱ्याची बाजू जमिनीलगत खुंट्यांनी आवळली.

पाऊस आला, आणि खोटं कशाला सांगा, वहिनी भिजल्या. तळ नसलेल्या छपराखालून शिंतोडे आत आले, एक बाही ओली झाली, पोटरीवर जळू चढली. खालून अनुप ओरडला, "काय वहिनी, कसं वाटतंय? आमच्याकडे एकदम कोरडं हां!"

"मस्त!" वहिनींनी जळवेवर मीठ टाकत उत्तर दिलं. "इथून सगळा उतार दिसतो. तुला तुझी चेन दिसते."

आणि मग ते झालं, जे या देशात आपल्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. अनुपनं पाठीवरून छोटा कुकर आणला होता. खिचडी लावली. त्या निःशब्द खोऱ्यात कुकरची शिट्टी वाजली, तशी पलीकडच्या झाडीतून सांबराचा इशारा आला, भोंग्यासारखा. एक, मग दुसरा, मग तिसरा. आणि सगळं खोरं रिकामं झालं.

"आपल्याच मुलखातून आणलेलं जनावर ना," वहिनी वरून म्हणाल्या. "शिट्टी ओळखली त्यानं!"

दुसऱ्या दिवशी पहाटे अनुप गुमान वर येऊन वहिनींच्या शेजारी पालथा पडला. खाली आता काही येणार नव्हतं. पहिली गोळी वहिनींची, असं घरूनच ठरलं होतं. उजाडता उजाडता उतारावर नर आला. केवढा तो! शिंगं बाभळीच्या फांदोऱ्यासारखी.

"वहिनी, मार," अनुप कुजबुजला. "असं डोकं लोकांना आयुष्यात मिळत नाही."

वहिनींनी नराला डोळ्यांनीच तोललं. आडदांड जनावर. तिघांच्या पाठी मोडल्या तरी अर्धं मागे राहील.

"नाही."

"मग मी मारतो."

"आणि डोकं तेवढं नेशील. हो ना?"

अनुपनं बंदूक पुढे सरकवली. वहिनी सरळ उठून उभ्या राहिल्या, उघड्यावर, हात कमरेवर ठेवून. सांबरानं एक भोंगा दिला आणि झाडी फोडत ते गेलं.

अनुप लालबुंद झाला. "पुन्हा कधी आणणार नाही तुला," एवढंच म्हणाला आणि सामान आवरायला खाली गेला.

तासाभरानं, हृषिकेश शेजारी असताना, एक कोवळा नर चरत आला. शिंगं बोटाएवढी. वहिनींनी देवाचं नाव घेतलं आणि एकच गोळी घातली. जवळ जाऊन बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात सोडलं, घरातल्या माणसाला शेवटचं देतात तसं. मग ताडपत्री सोडवून जमिनीवर पसरली आणि तिच्यावर स्वच्छ सगळं मांस सोडवलं. मांड्या, पाठ, पुढच्या पायांचे फरे, सीना, मान, काळीजसुद्धा.

अनुप बघायला आला. "मांड्या आणि पाठ घे, बस झालं. माझी सॅक फुल आहे."

"तुझ्याकडे मागितलंय कुणी?"

"वहिनी, तुझ्या दोन फेऱ्या होतील. चार वाजता गाडी निघणार, सांगून ठेवतो."

"निघू दे."

हृषिकेशनं मुकाट्यानं एक फरा आपल्या सॅकमध्ये घातला. "पद्माताई, आईला सांगू नका," म्हणाला.

पहिली खेप घेऊन तिघं गाडीशी पोचले तेव्हा दोन वाजले होते. वहिनींनी मांस बर्फाच्या पेटीत घातलं, बंदूक कुलपात टाकली आणि पाण्याचे दोन घोट घेऊन परत फिरल्या. खाली फांदीला टांगून ठेवलेलं उरलेलं मांस आणि ओढ्यात धुतलेली ताडपत्री पाठीवर घेतली. निम्मा चढ चढल्या आणि ओझं उतरवून तिथंच बसल्या. उन्हं उतरली होती. कमरेला लावलेला बोलायचा रेडिओ खरखरला.

"वहिनी, कुठे आहेस? पाच वाजले."

"निम्म्यात. तू निघ. उद्या सकाळी वर येते, कुणाची तरी गाडी मिळेल."

"वेड लागलंय का? एकटी कुठे राहशील?"

"जिथे आहे तिथे. छप्पर पाठीवर आहे माझ्या."

मग अनुपचा आवाज आला, पहिल्यांदाच जरा खालच्या पट्टीतला. "ते मांस टाक आणि ये ना. मी दादाला काय सांगू?"

"टाकणार नाही. आणि दादाला खरं ते सांग. तुला जायचं तर जा, थांबायचं तर थांब. मला घाई नाही."

मग हृषिकेशचा आवाज: "ताई, अनुप गाडीतून टेंट काढतोय. खूप शिव्या देतोय, पण काढतोय."

वहिनींनी रेडिओ बंद केला, मांस उंच फांदीला बांधलं आणि पहिली खुंटी ठोकायला दगड शोधू लागल्या.