कोंडीबाचा श्वास

कुंभारी गावात भस्मअप्पा या बाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. रोग्याने रात्रभर उशाखाली ठेवलेली विभूतीची गोळी अप्पा तांब्याच्या झारीत तापवी आणि नळीतून निघालेल्या रोग्याच्या 'श्वासा'ने समोरचा दिवा विझे. दिवा विझला की रोग्यावर भानामती झाली असं ठरे. मग दवाखाना बंद, अप्पाचे उपाय सुरू. पुढे एक दिवस दिवा तेवत राही, म्हणजे रोगी बरा, आणि लोक लोटांगण घालत.

जगदेवी सोलापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा भाऊ अण्णाराव क्षयाने खंगलेला. अप्पाने त्याची इंजेक्शनं बंद केली होती आणि खोकल्यातून पुन्हा रक्त येत होतं. घरोघरी देव्हाऱ्यात विभूती असताना हा बाबा स्वतःचीच गोळी का देतो, हे तिला पहिल्यापासून खटकत होतं. पण विभूतीवर शंका घेणं म्हणजे पाप. विचारणार कोण?

"वन्सं, देवाच्या वस्तूची परीक्षा करू नगा," वहिनी नागव्वा म्हणाली.

"देवाची न्हाय वैनी, त्या माणसाची करतीय."

तिने कोंडीबा नावाच्या रोग्यासाठी म्हणून एक गोळी मागून आणली, रात्रभर शाळेच्या कपाटात ठेवली आणि अण्णाराव-नागव्वाला घेऊन मांडवात येऊन अर्धी अप्पापुढे धरली. झारी तापली, दिवा विझला.

"भावजयीची करणी हाय," अप्पा डोळे मिटून म्हणाला. "लई पिडलाय बिचारा कोंडीबा."

"कोंडीबा नावाचं आमच्यात कुणी न्हायच. गोळी कपाटात पडून होती."

जगदेवीने स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि पाण्यात उलटं धरलेलं खुणांचं मोजपात्र मांडलं. उरलेली अर्धी गोळी तापवली, मग तेवढ्याच वजनाचा अण्णारावच्या गोळीचा तुकडा. दोघांचा वायू एकाच खुणेपर्यंत भरला. घरच्या देव्हाऱ्यातून आणलेल्या विभूतीतून मात्र चार बुडबुडे आले आणि थांबले.

"काचंत देव येत न्हाय," अप्पा पुटपुटला.

"मग ह्यात हा श्वास कसा येतो, बघा." तिने नागव्वाच्या स्वयंपाकघरातून आणलेल्या डब्यातला खायचा सोडा तापवला. पात्र भराभर भरलं, त्या वायूने दिवा विझला. "सोडा तापला की हा वायू सुटतो. गोळीत सोडा घातला की भानामती, न्हाय घातला की रोगी बरा."

नागव्वा उठली. "अप्पा, जो जन्मलाच न्हाय त्याची भावजय तुमाला दिसली. माज्या नवऱ्याचं रगत न्हाय दिसलं?"

अप्पा झारी आवरू लागला. नागव्वाने नवऱ्याला आधार देऊन उभं केलं आणि दोघी त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या.

विभूती कपाळाला जरूर लावा. पण कुणी तिच्या जोरावर तुमचं औषध बंद करायला सांगितलं, तर आधी घरची विभूती त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, आता ही तापव.